शेवटच्या ओळीतील छिद्र

१. परके पत्र

“हे माझं न्हाई.”

अंबूबाईंनी पत्र मांडीवर ठेवले आणि बोटे पदराला पुसली. अनोळखी माणसाच्या अंगाला चुकून हात लागावा, तसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटला होता.

सोप्यात बसलेले सगळे त्यांच्याकडे वळले. येत्या बुधवारी आष्ट्यातील या घरात अंबूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन व्हायचे होते. त्यासाठी त्यांची नात सृष्टी हिने सहा महिने खपून एक भली मोठी चिकटवही सिद्ध केली होती. चाळीस पानांत आजीचे ऐंशी वर्षांचे आयुष्य मांडलेले: लग्नातल्या लुगड्याचा काठ, पहिल्या ऊसलावणीचे छायाचित्र, जात्यावरच्या ओव्या सुबक अक्षरांत. शेवटच्या पानावर पारदर्शक खिसा होता आणि त्यात हे पत्र. एकाहत्तर सालच्या डिसेंबरात त्यांचे पती हवालदार आकाराम यांनी सीमेवरून ते धाडले होते. पत्र पोचल्यावर चार दिवसांनी मृत्यूची तार आली होती.

“आये, तेच पत्र हाय,” लालासाहेब म्हणाले. ते अंबूबाईंचे एकुलते एक चिरंजीव आणि सृष्टीचे वडील. “डोळ्याला दिसंना म्हणून तुला तसं वाटतंय.”

“डोळ्याचं काय काढतोस? बोटं हायत न्हवं मला?”

लालासाहेबांनी शेजारी बसलेल्या राजेश्वरीबाईंकडे पाहून आवाज हळू केला. “बाई, गेल्या महिन्यात चष्मा डोक्यावर अन् घरभर हुडकत होती. मिरजंला डोक्याच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय. कार्यक्रम झाला की घिऊन जातो.”

“कान बी शाबूत हायत, लाला,” अंबूबाई शांतपणे म्हणाल्या. “माझं पत्र आणा. त्याबिगर मी चौरंगावर बसायची न्हाई. आन् मग खुशाल न्या मिरजंला.”

राजेश्वरीबाईंनी चौतीस वर्षे संस्कृत शिकवले होते. सृष्टीही त्यांचीच विद्यार्थिनी. निवृत्तीनंतर त्या घरोघरीच्या जीर्ण पोथ्या दुरुस्त करीत. कागदाच्या या प्रेमापोटी त्या आता दर शनिवारी सृष्टीच्या कागदकामाच्या वर्गाला शिष्या म्हणून येऊन बसत आणि घडी वाकडी पडली की सृष्टीची बोलणीही खात.

त्यांनी पत्र उचलले. पिवळसर तपकिरी कागद, पेन्सिलीची वळणदार अक्षरे, मधोमध दोन जांभळे ठिपके. त्यांनी ते उलटे केले आणि मागच्या बाजूवरून अंगठा हलकेच फिरवला. पुन्हा फिरवला.

“लालासाहेब,” त्या म्हणाल्या, “मिरजेचा नंबर रद्द करा. आईंचे डोके ठिकाणावर आहे. हे पत्र खोटे आहे.”

२. बोटांची साक्ष

पुरावा विचारण्याआधी साक्षीदाराला मान द्यावा, अशी राजेश्वरीबाईंची रीत होती. त्या अंबूबाईंच्या जवळ सतरंजीवर जाऊन बसल्या.

“अंबूबाई, तुमचे पत्र कसे होते ते सांगा. दिसत कसे होते ते नको. हाताला कसे लागत होते ते.”

म्हातारीचा चेहरा उजळला. “मला वाचाया कुठं येतंय, बाई? तवा पोस्टमननं वाचलं, पुढं लालानं वाचलं. मी आपली बोटानं वाचायची. मालक लय दाबून लिवायचं. पाठीमागनं हात फिरवला की भाकरीच्या पिठावर बोटं उठल्यागत लागायचं. आन् शेवटच्या वळीला भोक हाय. ‘बाकीचं सुट्टीला आल्यावर सांगतो’ असं लिवलं आन् पेन्सिल आरपार गेली. माझं बोट रोज तितंच जाऊन थांबायचं.”

“आणि हे जांभळे ठिपके?”

“ते माझं हायत,” अंबूबाई जरा संकोचून म्हणाल्या. “तार आल्यावर पत्र हातात घिऊन बसले हुते. डोळ्यातलं पाणी पडलं, आन् जितं पडलं तितं जांभळं झालं. सासू म्हणाली, बघ, कागद बी रडला.”

राजेश्वरीबाईंनी खोटे पत्र प्रकाशात धरले. पाठ गुळगुळीत होती. शेवटच्या ओळीच्या अखेरीस छिद्र नव्हते. तिथे पेन्सिलीने नीट काढलेला एक पूर्णविराम होता. त्या पूर्णविरामाकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

“सृष्टी, मूळ पत्राचा फोटो काढला होतास?”

“हो बाई. वही बांधणीला देण्याआधी काढला आणि आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी पाहिला.” सृष्टीचे डोळे भरून आले होते. “पण मला ठाऊक आहे हे कोणी केलं. ऋषिराजनं.”

सातारच्या महाविद्यालयात शिकणारा तिचा धाकटा भाऊ खांबाला टेकून उभा होता. तो ताडकन सरळ झाला.

“ए ताई, तोंड सांभाळ!”

“काय सांभाळू? तुमच्या कॉलेजात सैनिकांच्या पत्रांचं प्रदर्शन आहे. महिनाभर मागं लागला होतास, ‘आजीचं पत्र दे, काचेत लावतो.’ मी नाही म्हटलं. गुरुवारी वही बांधून आली, आणि शुक्रवारी तू ती साताऱ्याला घेऊन गेलास!”

“सरांना दाखवायला नेली, संध्याकाळी आणून दिली. खिशाला हातसुद्धा लावला नाही.” ऋषिराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “आणि कागद जुना करायची विद्या मला येते का? ती तुम्हाला येते. तुला आणि तुझ्या मिस्बाहला. ती तर चहाच्या पाण्यात बुडवून कालचा कागद शंभर वर्षांचा करते!”

मिस्बाह म्हणजे सृष्टीची मैत्रीण आणि वर्गातील सहकारी, सांगलीची. तिचे अक्षर मोत्यासारखे.

“वही आज तुझ्या कपाटात राहू दे,” राजेश्वरीबाई उठत म्हणाल्या. “उद्या सकाळी मी येते. तोवर कोणी कोणाला चोर म्हणायचे नाही.”

३. कपाटातील रांग

सृष्टीची खोली म्हणजे कागदाचे एक नीटनेटके गाव होते. हातकागदाचे ताव आडव्या कप्प्यांत रंगवार निजलेले. उभे ठेवले की ताव वाकतो, हे ती प्रत्येक नव्या विद्यार्थिनीला बजावी. नक्षीचे पंच एका डब्यात, लाकडी ठसे दुसऱ्यात. मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत फिती आणि लेस, आणि प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी. कोपऱ्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या होत्या. ती युक्ती मात्र राजेश्वरीबाईंची, पोथ्यांच्या कपाटातून आलेली.

“तुमच्या वेखंडामुळं कसर लागत नाही, बाई. आणि मुंगी तर मी फिरकू देत नाही,” सृष्टी रविवारी सकाळी कपाट उघडताना अभिमानाने म्हणाली, आणि तिचा हात जागीच थबकला.

चौकटीच्या फटीतून मुंग्यांची एक बारीक रांग आत शिरली होती. ती ठशांकडे वळली नव्हती, फितींकडेही नाही. सरळ चिकटवहीवर चढून शेवटच्या पानाच्या खिशात उतरली होती. खोट्या पत्राच्या कडा मुंग्यांनी काळ्या झाल्या होत्या.

राजेश्वरीबाईंच्या ओठांवर प्रथमच हसू आले. “कागद जुना करायला तू चहा कसा करतेस?”

“नुसती पूड उकळून गाळते. साखर नाही, दूध नाही. ही बघा बरणी. साखर पडली की मुंग्या लागतात, हा तर पहिला धडा. मिस्बाहच तो शिकवते.”

“म्हणजे हे पत्र तुझ्या बरणीतल्या पाण्यात भिजलेले नाही. गोड चहा आहे, पण दुधाचा वास नाही की तेलकट डाग नाही. तुमच्या घरी कोरा चहा कोण पितो?”

“कोणीच नाही. बाबांना तर सायीचा लागतो.”

राजेश्वरीबाईंनी वही उघडून पुठ्ठ्याची आतली बाजू न्याहाळली. बांधणी देखणी होती. सांगलीच्या चांदसाहेबांचे काम; मिस्बाहचे ते आजोबा. वर्षानुवर्षे आसपासच्या गावांतल्या मुलांची पुस्तके, लालासाहेबांचीही, त्यांनीच बांधली होती. पुठ्ठ्यावर आतून चिकटवलेल्या अस्तराच्या कागदाच्या कडेशी, खालच्या कोपऱ्यात, एक फिकट जांभळा डाग होता. अर्ध्या नखाएवढा, अर्धचंद्रासारखा.

“तो माझ्या शाईच्या पॅडचा असेल,” सृष्टी म्हणाली. “पानं सजवताना बोट लागलं असेल.”

“असू शकेल. पण चंद्राची सरळ बाजू बघ. बोटाचा डाग कधी पट्टीने आखल्यासारखा संपतो का? याचा उरलेला अर्धा भाग अस्तराच्या कागदाखाली आहे. आधी डाग पडला, मग त्यावर अस्तर चढले.”

सृष्टीने वही डोळ्यांजवळ नेली. मग हळूच खाली ठेवली.

“पण बाई, अस्तर तर बांधणीत सगळ्यात शेवटी लावतात.”

“होय,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “ऋषिराजची माफी मागून ये. उद्या आपल्याला सांगलीला जायचे आहे.”

४. कोरा चहा

चांदसाहेबांचे दुकान गणपती पेठेमागच्या बोळात होते. आत एक लोखंडी दाबयंत्र, पुठ्ठे कापायची मोठी कात्री, खळीचे पातेले आणि छतापर्यंत रचलेल्या वह्या. पंचाहत्तरीचे चांदसाहेब उठून उभे राहिले. मिस्बाह मागे शिलाई करीत होती. सृष्टीला पाहताच तिच्या हातातील दोरा गुंतला.

“या, बाई, या. सृष्टीबेटी, बस. वहीत काय कमी-जास्त झालं का?”

“बांधणी उत्तम आहे,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “आधी चहा पाजा.”

समोरच्या टपरीवरून चहा आला. पाहुण्यांना दुधाचा, चांदसाहेबांना त्यांचा नेहमीचा गुळाचा कोरा. राजेश्वरीबाईंनी आपला पेला बाजूला सारला आणि त्यांच्या कपातील दोन घोट बशीत ओतून मागितले. चाखून बशी खाली ठेवली.

“चांगला आहे. रंगही छान चढतो.”

मिस्बाहने मान खाली घातली.

“मी कोणावर आळ घ्यायला आलेले नाही,” राजेश्वरीबाईंनी संथपणे सांगायला सुरुवात केली. “मला जे दिसले ते सांगते, चुकले तर थांबवा. खोट्या पत्रात छिद्राच्या जागी पूर्णविराम आहे. ज्याच्या हाती मूळ पत्र धड होते, त्याला छिद्र दिसलेच असते. फोटोत मात्र ते काळ्या टिंबासारखे दिसते. तेव्हा नक्कल फोटोवरून झाली. चोराला फोटो कशाला हवा? मूळ समोर ठेवून तो लिहील. म्हणजे नक्कल होताना मूळ पत्र वाचण्याजोगे उरलेच नव्हते. ते चोरीला गेले नाही. बिघडले.”

सृष्टीने मिस्बाहकडे पाहिले.

“अंबूबाईंची आसवे त्यावर पडली आणि जांभळी झाली. साधी पेन्सिल जांभळी होत नाही. हवालदारांनी कॉपिंग पेन्सिलीने लिहिले होते. जुन्या कचेऱ्यांतून ती असे. कोरडी असताना शिशासारखी दिसते, ओली झाली की शाई होते. वहीच्या पुठ्ठ्यावर त्याच शाईचा डाग आहे, अस्तराखाली गेलेला. आणि चांदभाऊ, तुमच्या उजव्या अंगठ्याच्या नखाची कड अजून जांभळी आहे.”

चांदसाहेबांनी अंगठा मुठीत लपवला नाही. उलट हात मेजावर ठेवला.

“आठ दिवस घासतोय, बाई. जाईना.” त्यांचा आवाज स्थिर होता, पण हळू. “अंबूवहिनींचं पत्र दुमडीवर फाटत आलं होतं. सृष्टीनं सांगितलं होतं, नुसतं खिशात ठेवा. मी म्हटलं, वहिनींसाठी एवढं तरी करू. पाठीला आधाराचा कागद लावून देऊ, अजून शंभर वर्षं टिकंल. खळ लावायच्या आधी कागद भिजवायचा, नाहीतर सुरकुती धरतो. जन्मभर हेच केलं. पाठ ओल्या स्पंजानं पुसली, दाबात घातलं. काढलं तर सगळं जांभळं. मी घाबरलो. ओल्या फडक्यानं टिपायला गेलो, आणि होतं नव्हतं ते फासलं गेलं.”

“नानांचा दोष नाही, बाई!” मिस्बाह पुढे आली. “नक्कल मी केली. ते तीन दिवस जेवले नव्हते. म्हणत होते, या हातानं आजवर कुणाचा कागद वाया गेला नाही, आता वहिनींना तोंड कसं दाखवू? मी फोटोवरून लिहिलं. इथं चूल नाही. घाईत त्यांच्याच चहात कागद बुडवला.” तिने सृष्टीकडे पाहिले. “साखरेचा धडा मीच शिकवते, आणि गूळ मात्र विसरले.”

“मला सांगायचं होतंस गं,” सृष्टी म्हणाली. “मी ऋषिराजला चोर म्हटलं. आणि घरात सगळे आजीला वेडी ठरवायला निघाले होते.”

चांदसाहेबांनी झटकन मान वर केली. “वहिनींना? वेडी?”

हे त्यांना ठाऊकच नव्हते. ते उठले, दाबयंत्राच्या फळ्यांमधून एक घडी काढून त्यांनी मेजावर ठेवली. जांभळ्या ढगासारखा फासलेला कागद. एक अक्षर लागत नव्हते.

“टाकवलं नाही,” ते म्हणाले.

राजेश्वरीबाईंनी तो कागद न्याहाळला, मग दाबयंत्राकडे पाहिले, आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली.

“चांदभाऊ, नीट आठवून सांगा. दाबात घालताना लिहिलेल्या बाजूवर काय ठेवले होते?”

५. उजेडातली अक्षरे

“पतंगी कागद,” चांदसाहेब म्हणाले. “पांढरा. ओला कागद फळीला चिकटू नये म्हणून ठेवतोच आम्ही. का?”

“तो कुठे आहे?”

“असंल की. कागद मी टाकत नाही.” ते तुकड्यांच्या पेटीकडे वाकले, पण मिस्बाह आधीच गुडघ्यांवर बसून पेटी उपशीत होती. पुठ्ठ्याच्या कातरणी, कापडाच्या पट्ट्या, मार्बल कागदाचे कोपरे, आणि तळाशी चुरगळलेला एक पातळ पांढरा ताव. त्यावर जांभळ्या ओळी होत्या, पण सगळ्या उलट्या, आरशातल्यासारख्या.

“हा मी पाहिला होता,” मिस्बाह म्हणाली. “वाटलं, डाग पडलेला आहे.”

“जुन्या कचेऱ्यांत ही पेन्सिल आणलीच जाई यासाठी,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “लिहिलेला कागद आणि पातळ ओलसर ताव, दोन्ही दाबात घालायचे. तावावर नक्कल उठे, ती दप्तरी राही आणि मूळ पत्र टपालात जाई. चांदभाऊ, तुम्ही फडक्याने पुसण्याआधी दाबयंत्राने आपले काम चोख केले होते.”

त्यांनी ताव पालथा केला आणि दाराशी नेऊन उन्हात धरला. पातळ कागदातून अक्षरे सुलट होऊन समोर आली. तीच वळणे, तोच दाब, हवालदार आकारामांचा हात. राजेश्वरीबाई संथपणे वाचू लागल्या: लालाच्या खोकल्याची चौकशी, विहिरीच्या पाण्याची, थंडीची. शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या. ‘बाकीचं सुट्टीला आल्यावर सांगतो.’ पुढे, जिथे पेन्सिल कागदातून पार गेली होती, तिथे एक गोल कोरी जागा होती आणि भोवती जांभळे कडे.

चांदसाहेब दारापासून मागे सरले.

“बाई, तुम्हीच न्या. मी नाही येत.”

“यायचे तुम्हालाच आहे,” त्या म्हणाल्या. “ताव सृष्टी वहीत बसवील, हा फासलेला कागद तुम्ही आणा. आधी तोच द्यायचा.”

बुधवारी सकाळी सोप्यात रांगोळी पडली होती, ऐंशी दिव्यांचे ताट तयार होते आणि चौरंग रिकामा होता. अंबूबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या होत्या. चांदसाहेब समोर जाऊन उकिडवे बसले. त्यांनी काहीही न झाकता सारे सांगितले, आणि तो जांभळा कागद त्यांच्या हातावर ठेवला.

“वहिनी, अक्षरं गेली. माझ्या हातानं गेली.”

अंबूबाईंनी कागद उलटा केला. पाठीवरून बोटे फिरली. दाबातून गेल्याने वळ आता जवळजवळ सपाट झाले होते. लालासाहेबांनी मान वळवली. बोट खाली सरकत गेले, शेवटच्या ओळीपाशी अडखळले, आणि नखाचे टोक कागदापलीकडे निघाले.

“हां,” अंबूबाई म्हणाल्या. “हे माझं.”

मग त्यांनी डोळे मिचकावत समोरच्या धूसर आकृतीकडे पाहिले. “आवं चांदभाऊ, अक्षरं गेली म्हणून तीन दिस उपाशी ऱ्हायला व्हय? मला एक तरी अक्षर येतंय का? माझं काय बी गेलं न्हाई. आधी आला असता तर तवाच जेवला असता.”

“वहिनी, माफी...”

“माफी लालाकडनं घ्यायची हाय मला. तुमी आधी ऋषीला सांगा पान वाढाया.”

लालासाहेब पुढे आले आणि आईच्या पायांवर डोके टेकवून राहिले. “ऊठ,” त्या म्हणाल्या, “डोक्याचा डॉक्टर तुला दाखवू आता.” ऋषिराज एवढ्या मोठ्याने हसला की त्याच्या हातातील ताट हलले.

सृष्टीने वही जवळ ओढली. पतंगी कागदावरचे पत्र तिने खिडकीसारख्या चौकटीत बसवले होते, पान उन्हात धरले की वाचता यावे म्हणून. त्याच्यासमोरच्या खिशात तिने जांभळा कागद सरकवला. मग डब्यातून गोल पंच काढला, शेवटच्या ओळीची जागा बोटाने हेरली, कागद बाहेर घेऊन तेवढ्याच ठिकाणी पारदर्शक खिशाला, दोन्ही बाजूंनी, बोटाचे टोक जाईल एवढे छिद्र पाडले आणि कागद परत आत सरकवला.

वही मांडीवर घेऊन अंबूबाई चौरंगावर बसल्या. राजेश्वरीबाईंनी मंत्र म्हणायला सुरुवात केली, दिवे उजळले, आणि आरती डोळ्यांसमोरून फिरत असताना अंबूबाईंचे बोट खिशातल्या छिद्रावर स्थिर होते.